नवं विंडोज, आपल्या सवयीचं

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेची मोफत अपडेट वगैरे, थांबवला आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलला. कुणी नवा लॅपटॉप घेतलाय, कुणाचं आहे तेच यंत्र विंडोज ११ वर गेलंय. बहुतेकांचं म्हणणं एकच, यंत्र चांगलं आहे पण हात बसत नाही. म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला दिली आहे. कराडला माझा टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास आहे. खाली सांगते ते तिथल्या यंत्रांवर रोज करून बघितलेलं आहे. मेनूंची नावं इंग्रजी पडद्यावर दिसतात तशीच ठेवली आहेत, म्हणजे शोधताना अडायला होणार नाही.

कशालाही हात लावण्याआधी एक काम मात्र सगळ्यांनी करा. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन केलं की बऱ्याचदा डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि ते कोणी सांगतही नाही. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त जाऊन 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू दिसतंय का बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, त्या यंत्राच्या नावाखाली ठेवलेली असते. ती कागदावर उतरवून घ्या. मदरबोर्ड बदलला किंवा बायोस (यंत्र चालू होताना सगळ्यात आधी उठणारा प्रोग्रॅम) अपडेट झालं की यंत्र ती मागू शकतं. त्या वेळी ती हाताशी नसेल तर आतलं काहीच परत मिळत नाही, दुरुस्तीवालाही काही करू शकत नाही. कुलूप चांगलंच आहे, काढू नका. फक्त किल्ली कुठे आहे ते माहीत असू द्या.

आता पत्रं.

मॅडम, मुलाने पुण्याहून नवा लॅपटॉप पाठवला. स्टार्टचं बटण मधोमध आलंय, माय कॉम्प्युटर गायब आहे, खाली उघड्या फायलींची नावं दिसत नाहीत, नुसती चित्रं. राइट क्लिक केलं तर ओळखीचं काही सापडत नाही. पूर्वीसारखं करता येईल का?
(निवृत्त मुख्याध्यापक, वाई)

सर, जवळजवळ सगळं करता येतं, तेही बाहेरचं काही न टाकता.

खालच्या पट्टीवर मोकळ्या जागी राइट क्लिक करा आणि 'टास्कबार सेटिंग्ज' उघडा. अगदी तळाला 'टास्कबार बिहेवियर्स' आहे. तिथे 'टास्कबार अलाइनमेंट'समोर 'लेफ्ट' निवडलंत की स्टार्ट डाव्या कोपऱ्यात जाईल. त्याच जागी 'कम्बाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स' आहे, ते 'नेव्हर' करा. प्रत्येक फाइल वेगळी आणि नावासकट दिसू लागेल. विंडोज ११ आलं २०२१ मध्ये, तेव्हा ही सोय काढून टाकली होती. लोकांनी इतकी मागणी केली की २०२३ मध्ये ती परत द्यावी लागली. इथेच घड्याळात सेकंद दाखवायचीही सोय आहे, हवी तर घ्या.

माय कॉम्प्युटरचं नाव आता 'धिस पीसी' झालंय, आणि ते लपवलेलं आहे. सेटिंग्ज, मग 'पर्सनलायझेशन', मग 'थीम्स', आणि तिथे 'डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज'. 'कॉम्प्युटर'समोर खूण करा, लगेच डेस्कटॉपवर येईल. आता विंडोज-ई दाबून फायलींची खिडकी उघडा. वर तीन टिंबं दिसतात, त्यातल्या 'ऑप्शन्स'मध्ये पहिल्याच ओळीत 'होम'च्या जागी 'धिस पीसी' निवडा. यापुढे सी आणि डी ड्राइव्ह समोरच दिसतील, कालच्या फायलींची यादी मधे येणार नाही.

राइट क्लिकचं म्हणाल, तर शिफ्ट दाबून राइट क्लिक करा. जुना लांब मेनू जसाच्या तसा उघडतो. नव्या मेनूत कट, कॉपी, पेस्ट यांची नुसती चिन्हं होती, २०२४ च्या मोठ्या अपडेटपासून चिन्हांखाली नावंही येतात. जुना मेनू कायमचा आणायचा रस्ताही आहे, पण त्यासाठी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, बत्तीस अक्षरांची एक खूण हाताने लिहावी लागते. शिफ्टवर काम भागतंय तिथे रजिस्ट्री उघडायची गरज मला दिसत नाही. मुलगा घरी आला आणि त्याला त्यातलं कळत असेल तर त्याच्याकडून करून घ्या.

ताई, मी एका दिवाळी अंकाचं अक्षरजुळणीचं आणि मुद्रितशोधनाचं काम घरून करते. नव्या लॅपटॉपवर मराठी कसं बसवायचं? शिवाय भाषा सारखी आपोआप बदलते, वर्डमधून एक्सेलमध्ये गेले की घोळ होतो. आणि 'दुसऱ्या' हा शब्द 'दुसर्या' असा उमटतो, त्याचं काय करू?
(डोंबिवली)

ताई, तुमच्या प्रश्नाला जागा जास्त देते, कारण मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे लागणार आहे.

सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', त्यात 'लँग्वेज अँड रीजन', आणि 'ॲड अ लँग्वेज' करून मराठी निवडा. पुढे खिडकी विचारते, ही भाषा पडद्याची भाषा म्हणून लावायची का? ती खूण काढा. आपल्याला आत्ता फक्त टायपिंग हवंय. मराठी आली की तिच्यासमोरची तीन टिंबं दाबून 'लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये जा. तिथे इनस्क्रिप्टचा कीबोर्ड असतो आणि 'ॲड अ कीबोर्ड' केलं की मराठी फोनेटिकही मिळतो. हा फोनेटिक विंडोज १० च्या २०१९ मधल्या अपडेटपासून विंडोजमध्येच आहे. इंग्रजी अक्षरांत लिहायचं आणि समोर येणाऱ्या मराठी शब्दांतून निवडायचं. एखादं पत्र लिहायला तो उत्तम. पण तुमच्यासारखं दिवसभर जुळणीचं काम असेल तर प्रत्येक शब्दाला थांबून निवडणं परवडत नाही. त्यासाठी इनस्क्रिप्टच.

इनस्क्रिप्ट १९८६ मध्ये केंद्र सरकारने ठरवून दिलेली मांडणी आहे आणि ती फार विचाराने केलेली आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. क च्याच कळीवर शिफ्टने ख, त च्या कळीवर थ, प च्या कळीवर फ. म्हणजे निम्मी अक्षरं लक्षात ठेवली की बाकीची आपोआप येतात. क्लासला येणाऱ्या मुली पहिले काही दिवस कुरकुरतात आणि नंतर फोनेटिककडे बघत नाहीत.

आता 'दुसऱ्या'. साध्या र ला पायमोडून पुढे य लावला की यंत्र त्याचा रफार करतं, त्यात त्याची चूक नाही, 'सूर्य' असाच लिहायचा असतो. आपल्याला हवा असतो तो आडवा, पापणीसारखा र. त्यासाठी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरांच्या ठरलेल्या यादीत, वेगळं अक्षर आहे, ऱ, खाली टिंब असलेला. इनस्क्रिप्टवर र जे च्या कळीवर आहे, तर ऱ शिफ्ट-जे वर. म्हणून शिफ्ट-जे, मग डी (हा पायमोडा), मग तिरप्या रेघेची कळ (हा य), आणि वर ई ची कळ म्हणजे काना. 'ऱ्या' तयार. शेतकऱ्यांना, दऱ्याखोऱ्यांत, बऱ्याच, कोपऱ्यात, सगळीकडे हाच क्रम. अंक छापायला जाण्याआधी 'र्या' आणि 'र्यां' शोधून एकदा नजर फिरवा. 'आचार्यांना' बरोबर आहे, पण स्वयंपाकाच्या लेखात 'आचाऱ्यांना' हवं असतं. हा फरक कुठलंही यंत्र तुमच्यासाठी ओळखत नाही, तिथे मुद्रितशोधकच लागतो.

भाषा बदलण्याचा घोळ दोन ठिकाणी मिटतो. 'टाइम अँड लँग्वेज'मध्येच 'टायपिंग' आहे, त्यात 'ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज'. तिथे प्रत्येक खिडकीला वेगळी भाषा ठेवू देणारी एक चौकट आहे: 'लेट मी यूज अ डिफरंट इनपुट मेथड फॉर ईच ॲप विंडो'. तिच्यात खूण करा. मग वर्ड मराठीत राहील, एक्सेल इंग्रजीत राहील, आणि ये-जा केली तरी दोघं आपापल्या जागी. दुसरं म्हणजे भाषांची यादी तपासा. पुष्कळ लॅपटॉपवर इंग्रजी अमेरिकेचं आणि इंग्रजी भारताचं असे दोन कीबोर्ड बसलेले असतात. विंडोज-स्पेसने भाषा बदलताना त्यामुळे दोनऐवजी तीन थांबे लागतात आणि बोटं चुकतात. अमेरिकेचं काढून टाका, भारताचं ठेवा. त्याचा आणखी एक फायदा आहे, कंट्रोल-ऑल्ट-४ दाबलं की रुपयाचं चिन्ह येतं.

जुन्या कॉम्प्युटरवरच्या आमच्या मंडळाच्या घटनेच्या आणि इतिवृत्ताच्या फायली नव्यावर उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फायली खराब झाल्या का?
(एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव, ठाणे)

नाही काका, फायली धडधाकट आहेत. त्या श्रीलिपी, कृतीदेव किंवा आयएसएमच्या कुठल्यातरी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असणार. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठीचं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. जुन्या यंत्रावरच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमधून तो फॉन्ट उचलून आणा, राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' करा. फायली वाचता येतील.

पण तेवढ्यावर थांबू नका. संस्थेची घटना आणि सभांची इतिवृत्तं पुढे वीस-तीस वर्षं लागणारी कागदपत्रं आहेत. ती एकदा युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या आणि एकेक पान मूळ छापील प्रतीशी ताडून बघा. रूपांतरात जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी हमखास सरकते, आकडे आणि नावं तर डोळ्यांखालून घालायलाच हवीत. एका माणसाने वाचायचं आणि दुसऱ्याने मूळ प्रत धरून ऐकायचं, असं केलंत तर काम लवकर होतं. जुनी फाइलही जपून ठेवा.

तुमच्या काही फायली 'मंगल'मध्ये असतील आणि अक्षरांचं वळण वेगळं वाटत असेल, तर ती अडचण वेगळी आणि सोपी. हल्ली विंडोजचा मुख्य देवनागरी फॉन्ट निर्मला आहे. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' या जादाच्या पुडक्यात ठेवले आहेत. सेटिंग्जमधल्या 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये ते शोधून घ्या, फुकट आहेत. नव्या मजकुरासाठी मात्र मी मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' सुचवेन. तोही मोफत आहे, लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो आणि जोडाक्षरं नीट बसतात.

माझं मेडिकल आहे. नवीन लॅपटॉप घेऊन महिना होतोय तोवर "वनड्राइव्ह भरलं, पैसे भरा" असा निरोप यायला लागला. मी असं काही घेतलेलंच नाही. भाच्याने ऑनलाइन जाऊन जागा रिकामी केली तर दुकानाच्या स्टॉकची एक्सेल डेस्कटॉपवरूनच गेली!
(लातूर)

दादा, आधी ती एक्सेल परत आणा. वनड्राइव्हच्या वेबसाइटवर डावीकडे 'रिसायकल बिन' आहे. घरगुती खात्यात पुसलेली फाइल तिथे ३० दिवस असते. आजच बघा, बाकीचं नंतर वाचा.

आता झालं काय ते. लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना मायक्रोसॉफ्टचं खातं लावलं की तुमचं डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तिन्ही फोल्डर उचलून वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीच्या, आत नेली जातात. मोफत जागा फक्त ५ जीबी. मोबाइलमधले फोटो टाकले, बिलांचे स्कॅन टाकले की ती भरतेच. लोक याला बॅकअप समजतात, आणि इथेच घात होतो. ही दुसरी प्रत नसते, दोन्हीकडे एकच फाइल दिसत असते. इकडची पुसली की तिकडची जाते, तिकडची पुसली की इकडची. तुमच्या भाच्याने जागा रिकामी केली म्हणजे डेस्कटॉपच रिकामा केला.

यातून बाहेर पडायचा क्रम महत्त्वाचा आहे, उलटासुलटा करू नका. पहिल्यांदा फायलींच्या खिडकीत डावीकडच्या वनड्राइव्हवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करा. ज्या फायलींसमोर ढगाचं चित्र आहे त्या तुमच्या लॅपटॉपवर नाहीतच, नुसतं नाव दिसतंय. सगळ्यांसमोर हिरवी खूण येईपर्यंत थांबा. इंटरनेट हळू असेल तर रात्रभर चालू ठेवा. मग सगळ्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा.

त्यानंतर घड्याळाजवळच्या ढगावर क्लिक करा, दातेरी चाकातून 'सेटिंग्ज', 'सिंक अँड बॅकअप', 'मॅनेज बॅकअप', आणि तिन्ही फोल्डर एकेक करून बंद करा. फायली कुठे ठेवायच्या असं विचारलं तर याच यंत्रावर असं सांगा. विचारलं नाही तर डेस्कटॉप एकदम मोकळा दिसेल. घाबरायचं नाही, फायली वनड्राइव्हच्या फोल्डरमधल्या 'डेस्कटॉप'मध्ये तशाच पडलेल्या असतात. तिथून कट करून खऱ्या डेस्कटॉपवर आणा. तुम्ही त्या बाहेर काढल्या की वनड्राइव्हची जागाही आपोआप मोकळी होते आणि पैशांचा निरोप बंद होतो.

वनड्राइव्ह वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पोराचे दहावीचे दाखले, आधार, सातबारा अशा चार कागदांना ते छान आहे. पण दुकानाचा स्टॉक आणि उधारीची वही ज्या फायलीत आहे तिची वेगळी प्रत बाहेरच्या डिस्कवर दर रविवारी निघालीच पाहिजे, आणि डिस्क दुकानात न ठेवता घरी ठेवा.

स्टार्ट उघडलं की जाहिराती, कुलूपपडद्यावर बातम्या, कोपऱ्यात सारखे सल्ले. अभ्यासाला बसलं की लक्ष जातं. एकदाचं सगळं बंद कसं करू?
(अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, पणजी)

एका बटणात होत नाही, मुद्दाम चार ठिकाणी विखुरलेलं आहे. 'पर्सनलायझेशन'मधल्या 'स्टार्ट'मध्ये शिफारशींचे सगळे खटके बंद. 'लॉक स्क्रीन'मध्ये 'विंडोज स्पॉटलाइट'ऐवजी 'पिक्चर' निवड आणि खालची टिपांची चौकट मोकळी कर. टास्कबार सेटिंग्जमध्ये 'विजेट्स' बंद, बातम्या तिथून येतात. शोधायच्या पट्टीतली रंगीत चित्रं नको असतील तर 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त सर्चच्या भागात 'शो सर्च हायलाइट्स' बंद.

उरले सल्ले. 'सिस्टम', 'नोटिफिकेशन्स', आणि पान अगदी खाली सरकवून 'ॲडिशनल सेटिंग्ज' उघड. तीन चौकटी आहेत, तिन्ही मोकळ्या कर. हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं, आणि "तुमचं यंत्र पूर्ण तयार करा" म्हणून दर काही दिवसांनी अख्खा पडदा अडवणारी खिडकी तिथूनच येते. मोठं अपडेट झालं की एकदा सगळीकडे पुन्हा नजर टाक.

एका व्हिडिओत सांगितलं की एक स्क्रिप्ट चालवली की विंडोजमधला सगळा कचरा निघतो आणि यंत्र दुप्पट वेगाने चालतं. करू का? कुणी 'लाइट' विंडोजही देतंय.
(सोलापूर)

नको. स्क्रिप्ट म्हणजे यंत्राला द्यायच्या आज्ञांची तयार यादी. या स्क्रिप्ट पूर्ण अधिकार मागून चालतात आणि एका दमात शंभर गोष्टी बदलतात. नंतर प्रिंटर चालेना, स्टोअर उघडेना, अपडेट अडकलं, तर त्या शंभरातल्या कशामुळे ते शोधणार कसं? माझ्याकडे अशी यंत्रं दुरुस्तीला येतात. बहुतेक वेळा विंडोज नव्याने टाकण्याशिवाय उपाय उरत नाही. कुणा अनोळखी माणसाने कापून दिलेलं 'लाइट' विंडोज तर बँकेचे व्यवहार करणाऱ्या यंत्रावर कधीच टाकू नका. त्यात काय काढलंय त्यापेक्षा काय घातलंय ते कळत नाही.

वेग हवाय ना, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा. टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप ॲप्स' आहे. यंत्र चालू होताना जे जे आपोआप उठतं त्याची यादी दिसेल. 'हाय' लिहिलेल्यांपासून सुरुवात करा, रोज न लागणारं 'डिसेबल' करा. काही पुसलं जात नाही, हवं तेव्हा परत चालू करता येतं. नंतर 'इन्स्टॉल्ड ॲप्स'मध्ये जाऊन कंपनीने आधीच भरून दिलेले खेळ आणि मुदतीचे अँटिव्हायरस काढा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरच्या वापराला पुरेसा आहे. माझी पद्धत सांगते, एका वेळी एकच बदल आणि मग एक दिवस वापरून बघायचं. काही बिघडलं तर कशाने बिघडलं हे लगेच कळतं.

मी सिंगापूरला असतो, आई नाशिकला एकटी. तिला नवीन लॅपटॉप दिलाय. अक्षरं बारीक दिसतात, मेनू मराठीत हवेत असंही म्हणते. इथून काय करता येईल?

'ॲक्सेसिबिलिटी'मध्ये 'टेक्स्ट साइझ' आहे, अक्षरं २२५ टक्क्यांपर्यंत मोठी होतात. तिथेच माउसचा बाण मोठा आणि पिवळा करून द्या. ज्येष्ठांना अक्षरांपेक्षा बाण सापडत नाही याचा त्रास जास्त होतो, हे मी क्लासमध्ये रोज बघते.

पडदा मराठीत करता येतो, पण आधी 'सिस्टम'मधल्या 'अबाउट'मध्ये विंडोजचं नाव वाचा. भारतात विकले जाणारे कितीतरी लॅपटॉप 'होम सिंगल लँग्वेज'चे असतात. त्यात पडद्याची भाषा बदलत नाही. टायपिंगच्या भाषा मात्र हव्या तितक्या घालता येतात. साधं 'होम' असेल तर मराठी जरूर लावा. काही खिडक्या इंग्रजीतच राहतील, ते आईंना आधी सांगून ठेवा. फोनवरून मदत करणाऱ्यांना इंग्रजी सोयीचं पडतं म्हणून पुष्कळ जण मराठी टाळायला सांगतात. मला ते पटत नाही. रोज वापरणाऱ्या आई आहेत, तुम्ही महिन्यातून एकदा.

तुम्हाला इथलं यंत्र तिथून दिसायला 'क्विक असिस्ट' आहे. दोन्हीकडे कंट्रोल-विंडोज-क्यू दाबा. तुम्ही तुमच्या खात्याने आत जाऊन कोड घ्यायचा, तो आईंनी त्यांच्या खिडकीत घालायचा. आणि हे त्यांना ठासून सांगा: तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणी फोन करून कोड घालायला सांगितलं, बँकेचं नाव घेतलं, पोलिसांचं नाव घेतलं, तरी फोन ठेवून द्यायचा. याच रस्त्याने लोकांची खाती रिकामी होतात.

एक्सेलमध्ये एक लाख लिहिलं की स्वल्पविराम शंभर हजारासारखा पडतो, तारखेत महिना आधी येतो.
(सीएच्या कार्यालयात उमेदवारी करणारा, जळगाव)

'लँग्वेज अँड रीजन'मध्ये 'रीजनल फॉरमॅट' 'इंग्लिश (इंडिया)' करा, एक्सेल बंद करून पुन्हा उघडा. दोन्ही सुधारेल. पण आधीच उलट्या शिरलेल्या तारखा तशाच राहतात. ३ एप्रिल आणि ४ मार्च यांची अदलाबदल झाली असेल तर ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून विवरणपत्रं भरण्याआधी मूळ बिलांशी ताडून बघा.

माझं खातं लावल्यावर 'यूजर्स'मध्ये माझ्या नावाचं फोल्डर अर्धवट, पाचच अक्षरांचं झालंय. बदलता येईल?
(कोल्हापूर)

ईमेलची पहिली पाच अक्षरं घेऊन ते नाव पडतं. नुसतं फोल्डरचं नाव बदललंत तर कितीतरी प्रोग्रॅमना आपल्या फायली सापडणार नाहीत. यंत्र नवं असतानाच 'अकाउंट्स', 'अदर यूजर्स'मध्ये जाऊन मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय एक स्थानिक खातं बनवा, नाव हवं तसं पूर्ण लिहा, त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा. त्याने लॉग-इन केलं की फोल्डर त्याच नावाचं होतं. फायली तिकडे हलवा, जुनं खातं काढा, आणि हवं असेल तर मग ईमेल जोडा. फोल्डरचं नाव पुन्हा बदलत नाही.

मी न्यायालयात लिपिक होतो. सगळं आयुष्य रेमिंग्टनवर गेलं. नव्या विंडोजमध्ये रेमिंग्टन सापडत नाही. आता या वयात इनस्क्रिप्ट शिकायचं का?
(अकोला)

काका, विंडोजच्या मराठी यादीत रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टाइपरायटरची मांडणी, नाही. मायक्रोसॉफ्टचंच 'कीबोर्ड लेआउट क्रिएटर' नावाचं मोफत साधन आहे, त्यात प्रत्येक कळीवर हवं ते अक्षर बसवून स्वतःची मांडणी करता येते. त्यामुळे ते सुचवणारे भेटतील. पण टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर. शिवाय कितीतरी अक्षरं अर्धं अक्षर आणि काना जोडून पूर्ण व्हायची. युनिकोडला उच्चाराचा क्रम लागतो. घरी बनवलेली मांडणी हा क्रम फिरवून देत नाही, म्हणून वेलांटी भलत्या अक्षराला जाऊन चिकटते. तुमच्या वेगाच्या माणसाला ते असह्य होईल. सी-डॅकच्या आयएसएमसारखं सॉफ्टवेअर हे काम आतल्या आत करतं. तुम्ही टाइपरायटरसारखं मारत जायचं, उमटतं युनिकोड. रोज पानंच्या पानं टाइप करायची असतील तर ते घ्या.

आठवड्यातून चार पत्रं आणि नातवंडांना निरोप एवढंच असेल तर मात्र इनस्क्रिप्ट शिका, असं मी मनापासून सांगेन. न बघता टाइप करणारी बोटं तुमच्याकडे आहेत, नव्या मुलांना तेच शिकायला सगळ्यात वेळ लागतो. माझ्याकडे आलेले जुने टंकलेखक आधी मात्रा डाव्या हाताने आणि अक्षराच्या नंतर मारायची सवय लावून घेतात. पहिले काही दिवस फक्त क, कि, की, कु, कू असं. ती सवय झाली की बाकीची अक्षरं पटापट बसतात.

आमचा कॉम्प्युटर चांगला चालतोय, पण विंडोज ११ घेत नाही म्हणतो. फेकून द्यायचा का?
(बचत गट, भोर)

मुळीच नको. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. ती अट चुकवून ते बसवायच्या युक्त्या आहेत, पण गटाच्या हिशोबाच्या यंत्रावर त्या करू नका. पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज १० वर 'विंडोज अपडेट'मध्ये जाऊन 'एनरोल नाऊ' करा, सुरक्षेची अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. त्यानंतरच्यासाठी लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) आत्ताच पेन ड्राइव्हवर घेऊन चालवून बघा. काही न पुसता नुसतं वापरून बघता येतं, दिसायला जुन्या विंडोजच्या जवळ आहे, लिब्रेऑफिस या मोफत ऑफिसमध्ये एक्सेलच्या फायली उघडतात, मराठीही टाइप होतं. गटातल्या दोघी-तिघींनी मिळून एक आठवडा त्यावर हिशोब लिहून बघा. प्रिंटर चालतो का, हे त्यातच आधी तपासा.